पहारा कॅमेऱ्याच्या दारात
कंट्रोल रूमच्या रात्रपाळ्या केलेल्या मला ठाऊक आहे, पहाटे तीनला सोळा चौकटींतलं काहीही दिसत नाही. कबूल कुणी करत नाही. म्हणून पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातला १९९७ चा ‘व्हीसॅम’ प्रकल्प मला जवळचा वाटतो. पैसा अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘दार्पा’चा, उद्देश रणभूमी आणि शहरं, दोन्हींवर नजर. कॅमेऱ्यांना संगणक जोडले होते. हलतंय ते माणूस की गाडी, आणि नेमकं कुठे, हे तिथल्या तिथे ठरायचं. मुख्य केंद्राकडे अख्खं चित्रण नव्हे, तेवढी नोंद जायची आणि नकाशावर खूण उमटायची. एका कॅमेऱ्यातून निसटलेली गाडी दुसऱ्याने ओळखून उचलायची, खरी मेख तिथे होती. पडदे बघणाऱ्याला कुणीतरी झोपेचा हिशेब विचारायच्या आधीच त्याचं निम्मं काम यंत्राकडे गेलं.