‘होल्ड द लाइन’ची कुळकथा

जळगाव-धुळ्याच्या स्पोकन इंग्लिशच्या वर्गांत ‘प्लीज होल्ड द लाइन’, ‘आय विल पुट यू थ्रू’ ही वाक्यं घोकून घेतात. ती कुठून आली हेही सांगावं. मग घोकायची गरज उरत नाही.

१८७६ साली टेलिफोनचं पेटंट घेणाऱ्या बेलला ‘अहॉय’ ही खलाशांची हाक हवी होती. पुढच्याच वर्षी एडिसनने ‘हॅलो’ सुचवलं आणि तेच टिकलं. पहिल्या एक्स्चेंजांत तार कंपन्यांतून आलेली पोरं कामाला होती. ती ग्राहकांवर खेकसत, शिव्याही देत. अखेर १ सप्टेंबर १८७८ला बोस्टनमध्ये एमा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर कामावर रुजू झाली. पुढे कंपन्यांनी ऑपरेटरांना बोलायची वाक्यंच ठरवून दिली. ‘नंबर प्लीज’ त्यातलंच.

ऑपरेटर दोरीच्या टोकाची पिन बोर्डाच्या छिद्रात खुपसे, की दोन तारा जुळत. हेच ‘पुट थ्रू’. रिसीव्हर आकड्यावर टांगला की बोलणं संपल्याची खूण तिला मिळे आणि ती पिन काढून घेई. म्हणून थांबायचं तर रिसीव्हर हातातच धरून ठेवायचा. हेच ‘होल्ड द लाइन’.

मुंबईत १८८२ साली एक्स्चेंज सुरू झालं. खानदेशातल्या व्यापाऱ्यांच्या पिढ्या मात्र घडल्या त्या ट्रंक कॉलवर. सावदा-रावेरहून केळीच्या वॅगनी दिल्लीला जात आणि तिथला भाव कळायला कॉल बुक करून ताटकळत बसावं लागे. घाई असेल तर अर्जंट, त्याहून महाग लाइटनिंग. ठरावीक माणूसच हवा तर पी. पी. कॉल. आकारणी तीन-तीन मिनिटांची. आपल्याकडचं फोनवरचं मोठ्या आवाजातलं, तुटक बोलणं त्या महागड्या मिनिटांनी घडवलं, असं मला ठामपणे वाटतं. त्याला उद्धटपणा म्हणणं अन्याय आहे.

उलट ‘कोण बोलतंय?’मध्ये अनोळखी माणसाचा मान आपसूक राखला जातो. इंग्रजीत ‘हू आर यू?’ अंगावर येतं, म्हणून ‘मे आय नो हू इज कॉलिंग?’ असं वळसा घेऊन विचारायचं.

जून २०२१मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या तांदलवाडीची भौगोलिक मानांकन मिळालेली केळी दुबईला रवाना झाली. अशा व्यापारात फोनवर नुसतं ‘वेट’ म्हणून चालत नाही. ‘कॅन यू होल्ड फॉर अ मोमेंट?’ असं विचारावं आणि समोरच्याचं उत्तर ऐकूनच फोन होल्डवर टाकावा.