भंगारातला लिबरेटर

मंडळी, आज थोडं विमानांबद्दल. उडणाऱ्या नाही, म्युझियममध्ये उभ्या असलेल्या.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बी-२४ लिबरेटर हे चार इंजिनांचं बॉम्बर बनवलं. थोडीथोडकी नाही, १८ हजारांच्या वर! आज त्यातली पूर्ण अवस्थेत उरलीत जेमतेम डझन-दीड डझन. आणि त्यातली निदान पाच वाचली ती भारतामुळे.

झालं असं, की ब्रिटिशांना ही विमानं 'लेंड-लीज' करारावर मिळाली होती. युद्ध संपल्यावर विकत घ्या, परत द्या, नाहीतर नष्ट करा असा मामला. कानपूरला उभी असलेली विमानं मग मोडतोड करून टाकून दिली गेली. पुन्हा कोणी उडवू नयेत म्हणून इंजिनात वाळूसुद्धा घातली, असं सांगतात.

स्वातंत्र्यानंतर आपल्याला बॉम्बर हवी होती आणि खिशात पैसे नव्हते. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी या भंगारातून एकेक विमान बंगलोरपर्यंत उडत जाईल इतपत दुरुस्त केलं. तिथे कारखान्यात त्यांची नीट डागडुजी झाली. अशी ४० च्या वर विमानं उभी राहिली. १९४८ च्या नोव्हेंबरात त्यांचं पहिलं स्क्वॉड्रनही तयार झालं. पुढे ६ नंबरचं स्क्वॉड्रन आपल्या पुण्याहून ती समुद्रावर गस्तीला न्यायचं. १९६८ अखेर ती निवृत्त झाली, तोवर जगात इतर कुठल्याच हवाई दलात लिबरेटर उरलं नव्हतं.

मग जगभरच्या म्युझियमवाल्यांची रांग लागली. कॅनडाने एक नेलं आणि बदल्यात लायसँडर दिलं. १९४२ मध्ये ब्रह्मदेशात आपलं पहिलं स्क्वॉड्रन उडवत होतं, त्याच जातीचं. ते आज दिल्लीत पालमच्या म्युझियममध्ये आहे. सौदा मस्तच! १९७४ मध्ये एक लिबरेटर ब्रिटनच्या हवाई दलाच्या म्युझियमला गेलं. आणखी एक ब्रिटिश संग्राहकामार्फत अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनकडे पोचलं आणि १९८९ मध्ये चक्क पुन्हा उडलं.

आता खरी गंमत. कॉलिंग्जचं हे विमान अमेरिकन बॉम्बरच्या रंगात रंगवलं गेलं. प्रत्यक्षात ते १९४४ मध्येच ब्रिटिशांकडे गेलेलं. अमेरिकेसाठी ते कधी लढलंच नाही. हवाई दलाच्या सेवेत सगळ्यात जास्त वर्षं उडलं ते भारतासाठी.

त्यांची बाजूही मला पटते. महायुद्धात लढलेले म्हातारे वैमानिक ते बघायला येत. त्यांना आपलं विमान दिसायला हवं होतं. पण शाळेतल्या पोराला त्या रंगावरून काय कळणार? आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं, तर सगळी कमिट हिस्टरी पुसून फक्त पहिली एन्ट्री ठेवण्यातला हा प्रकार. सिस्टीम वीस वर्षं मेंटेन कोणी केली, ते गायब!

माझं म्हणणं एवढंच. जुनं विमान जपणं म्हणजे नुसता पत्रा जपणं नाही. रंग कुठलाही द्या, पण शेजारच्या पाटीवर कानपूरचं भंगार, बंगलोरचा कारखाना आणि पुण्याची धावपट्टी यायला हवी. युद्धातला पराक्रम लोक सहज लक्षात ठेवतात. हातात स्पॅनर घेतलेला माणूस मात्र कोणीतरी मुद्दाम लिहून ठेवावा लागतो.