वॉलआय मासेमारी

वॉलआय (सँडर व्हिट्रियस) हा उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्यातला शिकारी मासा, कुल पर्सिडी. अंग हिरवट सोनेरी, दात अणकुचीदार, शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा डाग. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याने १९६५ मध्ये त्याला राज्यमासा ठरवले.

त्याला पकडण्याचे सारे तंत्र त्याच्या डोळ्याशी बांधलेले आहे. डोळ्याच्या आत प्रकाश परतवणारा थर असल्याने अंधुक, गढूळ पाण्यातही त्याला भक्ष्य दिसते. म्हणून दिवसा तो खोलवर किंवा पाणवनस्पतींच्या आडोशाला राहतो आणि तिन्हीसांजेला, रात्री व पहाटे उथळावर येतो. भर दुपारी गळ टाकायचाच असेल तर ढगाळ हवा आणि वाऱ्याने खळबळलेले पाणी पाहावे. लख्ख ऊन आणि संथ, नितळ पाणी हे सहलीला छान, या माशाला नव्हे.

सर्वांत रुळलेले साधन म्हणजे जिग : डोक्याशी शिशाचा गोळा ओतलेला गळ. त्याला छोटा मासा, जळू किंवा गांडूळ लावून तळाशी सोडतात आणि हलकेच उचलत, टेकवत राहतात. वॉलआय बरेचदा हिसका देत नाही, दोरी नुसती जड लागते. नवख्याचे आमिष इथेच फुकट जाते. ईरी सरोवरात मोकळ्या पाण्यातल्या थव्यांसाठी चालत्या होडीमागे नकली मासे ओढतात. हिवाळ्यात गोठलेल्या सरोवरांवर खोपटी उभारून, बर्फाला भोक पाडून गळ सोडतात.

बर्फ वितळल्यावर वॉलआय अंडी घालायला नद्यांच्या खडकाळ, वाहत्या पात्रात चढतो. ओहायोतील मॉमी नदीत मार्च-एप्रिलमध्ये मासेमार पाण्यात रांगेने उभे असतात. मात्र गळ तोंडाबाहेर कुठे अडकला तर मासा सोडावा लागतो. मिनेसोटात विणीच्या काळात हंगाम बंद असतो.

हे निर्बंध उगाच नाहीत. ईरीतला निळा वॉलआय १९८३ मध्ये नामशेष घोषित झाला. मिनेसोटातील रेड लेकमध्ये अतिमासेमारीने साठा ढासळला. तेव्हा तिथल्या ओजिब्वे लोकांनी व राज्य सरकारने मिळून मासेमारी थांबवली, पिल्ले सोडली आणि २००६ मध्ये ते पाणी पुन्हा गळकऱ्यांना खुले झाले.

फार खोलातून वर ओढलेल्या माशाचे वाताशय फुगते आणि परत सोडला तरी तो अनेकदा मरतो. ठरलेल्या संख्येइतके मासे मिळाले की खोल पाण्यातला गळ आवरता घ्यावा.