शिडाची नौका एकट्याने धक्क्यास लावणे

अन्य खलाशांच्या साहाय्यावाचून एकाच नाविकाने शिडाची नौका धक्क्याशी आणून दोरांनी बांधण्याची क्रिया. नौकेस गतिरोधक नसतो व वेग मंदावताच सुकाणूचा प्रभावही ओसरतो. खुल्या समुद्रात चूक सुधारण्यास अवकाश मिळतो; धक्क्याजवळ तो मिळत नाही.

जोशुआ स्लोकम याने १८९५–९८ मध्ये ‘स्प्रे’ नौकेतून पहिली एकहाती पृथ्वीप्रदक्षिणा केली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याची १९६८–६९ मधील पहिली विनाथांबा एकहाती प्रदक्षिणा मुंबईत बांधलेल्या ‘सुहैली’ या सागवानी नौकेतून झाली. भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’तून मुंबई ते मुंबई अशी पहिली भारतीय एकहाती प्रदक्षिणा पूर्ण केली. फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली व केपटाउन ही त्यांची थांब्याची बंदरे होती. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२–१३ मध्ये विनाथांबा प्रदक्षिणा केली. विनाथांबा सफरीत धक्क्याची कसोटी अखेरीस एकदाच लागते. थांबे घेणाऱ्या सफरीत ती प्रत्येक बंदरी लागते.

बंदरात शिरण्यापूर्वीच दोर व आघात सोसणाऱ्या गाद्या जागच्या जागी लावून ठेवतात. वारा व प्रवाह यांपैकी जो प्रबळ असेल, त्याच्या विरुद्ध दिशेने नौका आणून शिडे वेळीच सैल सोडतात. त्यामुळे गती आपोआप कमी होते. प्रथम नौकेच्या मध्यभागाचा दोर खुंट्यास अडकवितात. केवळ पुढचा दोर बांधल्यास मागची बाजू धक्क्यापासून दूर फिरते. मध्यभागाच्या दोराने दोन्ही टोके आवाक्यात राहतात. आधुनिक नौकांना सहायक एंजिन असले, तरी सुकाणू व दोर एकाच माणसास सांभाळावे लागतात. म्हणून अंदाज चुकताच माघारी वळून पुन्हा येणे, हेच कुशल नाविकाचे लक्षण मानतात.