क्वार्कोनियम-निर्मितीचे मापन

जड क्वार्क आणि त्याचाच प्रतिक्वार्क यांची बद्धावस्था म्हणजे क्वार्कोनियम. चार्म-जोडीचा जे/साय कण १९७४ मध्ये ब्रुकहेवन आणि स्टॅनफर्ड येथे एकाच सुमारास सापडला. बॉटम-जोडीचा अप्सिलॉन १९७७ मध्ये फर्मीलॅबमध्ये. प्रोटॉनांच्या टकरीत हे कण किती प्रमाणात निर्माण होतात, ते या मापनातून ठरवतात.

हे कण जन्मतःच फुटतात. जे/सायपैकी सुमारे ६ टक्के आणि अप्सिलॉनपैकी जेमतेम अडीच टक्के कणांतून म्यूऑन-प्रतिम्यूऑन जोडी निघते. म्यूऑन लोखंडाचे जाड थरही पार करतात, म्हणून त्यांचा माग काढणे सोपे. सर्न प्रयोगशाळेच्या सीएमएस डिटेक्टरमध्ये ३.८ टेस्लाच्या चुंबकक्षेत्रात म्यूऑनचा मार्ग किती वाकला यावरून संवेग मिळतो आणि दोघांच्या संवेगांवरून मूळ कणाचे वस्तुमान. आलेखावर ९.४६, १०.०२ आणि १०.३६ जीईव्हीपाशी अप्सिलॉनच्या तीन अवस्थांची शिखरे उभी राहतात. पायथ्याशी योगायोगाने जुळलेल्या जोड्यांचा पसारा असतो. तो वगळून शिखरातले कण मोजता येतात. खरा कस लागतो तो न दिसलेल्यांचा हिशेब मांडताना: किती म्यूऑन डिटेक्टरच्या आवाक्याबाहेर गेले, किती टकरी निवडणाऱ्या ट्रिगरमधून निसटले, मुळात टकरी किती झाल्या. जे/सायच्या बाबतीत बी-हॅड्रॉनांच्या (बॉटम क्वार्क असलेल्या कणांच्या) क्षयातून आलेले कणही वेगळे काढावे लागतात. ते टक्करबिंदूपासून किंचित दूर जन्मतात, त्यावरून ओळखू येतात.

सीएमएसने २०१० मधील ७ टीईव्हीच्या टकरींवरून पहिल्या अप्सिलॉन-अवस्थेचा काटछेद (निर्मितीच्या संभाव्यतेचे माप) म्यूऑन-क्षयाच्या प्रमाणासह ७.३७ नॅनोबार्न काढला. त्यात सांख्यिकीय अनिश्चितता २ टक्क्यांहून कमी होती, तर टकरींच्या मोजणीतली ११ टक्के. कणांचे ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या फिरकीचा कल, काय मानावे यावर तर उत्तर सुमारे २० टक्क्यांनी हलत होते.

या कामात मुंबईचा वाटा मोलाचा आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्था सीएमएसमध्ये आहे. म्यूऑन टिपणारे काही आरपीसी (रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर) कक्ष भाभा अणुसंशोधन केंद्रात बांधले गेले. सिद्धान्ताची बाजू तितकीच महत्त्वाची. १९९० च्या दशकात फर्मीलॅबच्या सीडीएफ प्रयोगात क्वार्कोनियम अपेक्षेच्या कितीतरी पट आढळले, तेव्हा टाटा संस्थेतील डी. पी. रॉय यांनी के. श्रीधर यांच्यासह १९९४ मध्ये विखंडन-प्रक्रियेचा (टकरीतून सुटलेल्या एकाच कणातून पुढे क्वार्कोनियम बनण्याचा) वाटा तपासला. १९९६ मध्ये मूळच्या पुण्याच्या रोहिणी गोडबोले यांच्यासह या दोघांनी तोच विचार हॅम्बुर्गच्या हेरा त्वरकातील जे/सायला लावला. पुढे २०१२ मध्ये गोडबोले यांनी मुंबई विद्यापीठ व आयआयटी मुंबईतील सहकाऱ्यांबरोबर, प्रोटॉनमधील क्वार्कांना बांधून ठेवणारे ग्लुऑन जाणण्यासाठी जे/सायचा उपयोग कसा होईल, हे मांडले.

क्वार्क-जोडी आधी रंग-अष्टक, म्हणजे रंगप्रभार असलेल्या, अवस्थेतही निर्माण होते असे धरले की सीडीएफला आढळलेली कणांची संख्या जुळते. पण त्या सिद्धान्तानुसार आडवा (शलाकेला लंब) संवेग जास्त असताना ठळक ध्रुवीकरण दिसायला हवे. सीएमएसच्या २०१३ च्या मापनांत ते दिसले नाही.