कळलावीवरचा आळ

केवळ नावामुळे एखाद्या वेलीला अंगण बंद झाले, असे सहसा घडत नाही. कळलावीच्या वाट्याला मात्र ते आले. ती घराजवळ लावली की घरात भांडणे होतात, हा समज महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी ऐकू येतो. कळलाव्या नारदाशी तिचे नाते आपण परस्पर जोडून टाकले आहे.

मला हा सारा शब्दाचा घोटाळा वाटतो. मराठीत 'कळ' म्हणजे भांडण, तशीच वेदनाही. १६व्या शतकातल्या 'भावप्रकाशा'च्या निघंटूत या वनस्पतीचे एक नाव 'गर्भनुत्', म्हणजे गर्भाला बाहेर लोटणारी, असे आहे. अडलेल्या बाळंतिणीसाठी तिचा कंद वापरीत. तेव्हा ही कळ प्रसूतीची. तिथलेच 'कलिहारी' हे नाव शब्दशः घेतले, तर ती भांडण हरण करणारी ठरते!

१६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापलेल्या 'हॉर्टस मलबारिकस'मध्ये ती 'मेंदोनी' या नावाने येते. रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट या कोकणी वैद्यांनी त्या ग्रंथाला साहाय्य केले होते. १७५३ मध्ये लिनियसने तिला 'ग्लोरिओसा सुपर्बा' म्हटले. युरोपातल्या काचघरांत तिला मान मिळाला.

कोकणात तीच फुले 'गौरीचे हात' म्हणून पूजेला बसतात. पण येतात रानातून खुडून. औषधासाठी कंदही खणले जातात. त्यामुळे तिला अंगणात जागा देणे मला अगत्याचे वाटते. तिच्या पाकळ्या मागे वळतात, पुंकेसर बाहेर पसरतात, कुक्षीवृंत काटकोनात वळतो. मधासाठी आलेल्या फुलपाखरांच्या पंखांवरून पराग दुसऱ्या फुलाकडे जातात, हे दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात दिसले आहे.

दिवाळीच्या सुमाराला वेल वाळते, कंद मातीत निजतो आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटतो. मात्र ती सर्वांगाने विषारी आहे, कंद आणि बिया तर फारच. म्हणून मुलाबाळांच्या व गुरांच्या वाटेपासून दूर, कुंपणाला लावावी. घरगुती औषध मुळीच करू नये. कंद रानातून न उपटता रोपवाटिकेतून आणावा. मेक्सिकोहून आलेल्या झेंडूचे तोरण आपण दारी बांधतो. मग परसातल्या कुंपणावर या घरच्या वेलीला जागा द्यायला काय हरकत आहे?