मूकनायक ते पॉडकास्ट : माइक कोणाच्या हातात?

सध्या जो तो पॉडकास्ट करतो आहे. दोन खुर्च्या, दोन माइक आणि तास-दीड तास राजकारणावर गप्पा. या गप्पांत जात येते, आरक्षण येते, संविधानही येते. फक्त बोलणारे आणि बोलवणारे बहुतेक वेळा एकाच सामाजिक थरातले असतात. चौदा एप्रिल किंवा सहा डिसेंबर जवळ आला की आमच्यातल्या एखाद्याला बोलावणे येते. तिथे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्यावर जातीवरून अन्याय कधी झाला?" म्हणजे अनुभव आमचा आणि विश्लेषण त्यांचे. आम्ही रडायचे आणि त्यांनी समजून घ्यायचे. एपिसोड संपला की माइक पुन्हा त्यांच्याकडे.

यावर चळवळीत दोन प्रतिक्रिया ऐकू येतात. जुने कार्यकर्ते म्हणतात, "हे सगळे टाइमपास आहे, चळवळ रस्त्यावर होते." तरुण म्हणतात, "आता सभा, वर्तमानपत्रे, पुस्तके संपली. मोबाइल हेच हत्यार." आम्हाला दोन्ही मते अपुरी वाटतात, कारण दोघेही स्वतःचा इतिहास विसरून बोलत आहेत. बोललेला आणि ऐकलेला शब्द हे आंबेडकरी चळवळीचे नवे साधन नाही, सर्वांत जुने साधन आहे. तो शब्द कोणाच्या मालकीच्या यंत्रावरून जातो, हा प्रश्नही आमच्यासमोर शंभर वर्षांपासून उभा आहे.

छापलेला शब्द ऐकणारे लोक

31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपयांची मदत केली. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणून संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव लागले. या पाक्षिकाची जाहिरात रोख पैसे मोजूनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. टिळक तेव्हा हयात होते. ही गोष्ट बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. ज्या काळात स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क असल्याची घोषणा घुमत होती, त्या काळात अस्पृश्यांच्या पाक्षिकाला जाहिरातीपुरती जागाही मिळत नव्हती.

'मूकनायक' या नावाचा अर्थही नीट ध्यानात घ्यावा. मुका म्हणजे ज्याला वाचा नाही तो नव्हे. आमच्या लोकांना वाचा होती, ओव्या होत्या, भजने होती, तमाशाचा फड होता. मुके आम्हाला केले गेले होते. आमचे बोलणे सार्वजनिक मानायचेच नाही, असा तो मुकेपणा होता. बाबासाहेबांनी नेमका तोच मोडायला घेतला.

1923 मध्ये 'मूकनायक' बंद पडले. महाडच्या सत्याग्रहानंतर लगेच, 3 एप्रिल 1927 रोजी 'बहिष्कृत भारत' निघाले. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्या संपादकाने भरून काढायचे आणि वर कर्जही सोसायचे, ही अवस्था बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?' या लेखात मांडली आहे. 1929 च्या अखेरीस तेही थांबले. 24 नोव्हेंबर 1930 रोजी 'जनता' निघाले आणि 4 फेब्रुवारी 1956 रोजी त्याचे नाव 'प्रबुद्ध भारत' झाले. मधल्या काळात स्वतःचा भारतभूषण छापखानाही उभा राहिला. हा छापखाना का लागला? लेखणी आपली आणि यंत्र दुसऱ्याचे असेल, तर मालकाची मर्जी फिरली की आवाज बंद होतो, म्हणून.

आता विचार करा. त्या काळात आमच्या किती लोकांना अक्षरओळख होती? फारच थोड्यांना. तरीही ही पत्रे वस्त्यांत, चाळींत, गिरण्यांच्या वाड्यांत पोचली. शिकलेल्या एकाने मोठ्याने वाचायचे आणि भोवती बसलेल्यांनी ऐकायचे, अशी ती पोचत होती. एक अंक आणि ऐकणारे वीस. आंबेडकरी पत्रकारिता अशी पहिल्या दिवसापासून कानांनीच वाचली गेली.

दहा सभा आणि एक जलसा

वाचून दाखवण्यापलीकडे दुसरे साधन होते जलसा. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा उचलून त्यातून गणपतीचे स्तवन आणि शृंगार काढला आणि भटशाहीवरची टीका घातली. त्याच वाटेने आंबेडकरी जलसा उभा राहिला. नाशिकच्या भीमराव कर्डकांचा जलसा त्यातला सर्वांत गाजलेला. आपल्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा बरोबरीचा, असे बाबासाहेब म्हणाल्याची आठवण चळवळीत आजही सांगितली जाते.

जलशात काय असे? गाणे असे, विनोद असे, आणि मुख्य म्हणजे सवाल-जवाब असत. मेलेले जनावर ओढायचे की नाही, मुलाला शाळेत घालायचे की नाही, देवाला बकरे का कापायचे, यावर दोन पात्रे लोकांसमोर भांडत. एक जुन्या विचाराचे, एक नव्या. प्रेक्षक हसता हसता आपली बाजू ठरवत. आजच्या पॉडकास्टला 'संवाद' म्हणतात. हा संवाद आम्ही हातात डफ घेऊन, बत्तीच्या उजेडात, गावकुसाबाहेर केलेला आहे. पुढे सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीच्या वामनदादा कर्डकांनी तोच विचार गाण्यांतून घराघरात नेला.

रेडिओ सरकारचा, आवाज दुसऱ्यांचा

ज्या 1927 मध्ये 'बहिष्कृत भारत' निघाले, त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झाले. एकाच शहरात दोन माध्यमे. एक कर्ज काढून चाललेले, दुसरे भांडवल आणि सत्तेच्या आशीर्वादाने. 1936 पासून हा रेडिओ 'ऑल इंडिया रेडिओ' म्हणून ओळखला जाऊ लागला. स्वातंत्र्य आले, तरी हवेतल्या लहरींवरची सरकारची मक्तेदारी गेली नाही.

बाबासाहेब या माध्यमावर बोलले. 3 ऑक्टोबर 1954 रोजी आकाशवाणीवरून त्यांनी आपले जीवनविषयक तत्त्वज्ञान सांगितले. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीकडून नव्हे, तर आपले गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतली, हे त्यांचे म्हणणे त्याच भाषणातले आहे. 1955 मध्ये बीबीसीसाठी फ्रान्सिस वॉटसन यांनी त्यांची मुलाखत घेतली. गांधींविषयी बाबासाहेबांनी त्यात जे रोखठोक सांगितले, ते आजही तरुण मोबाइलवर ऐकतात आणि थक्क होतात.

पण इथे एक बोचणारी गोष्ट आहे. ज्या माणसाने आयुष्यभर शेकडो सभा गाजवल्या, त्याच्या आवाजाची फार थोडी ध्वनिमुद्रणे आज ऐकायला मिळतात, आणि त्यातले सर्वांत परिचित ध्वनिमुद्रण परदेशी संस्थेने केलेले आहे. 15 ऑक्टोबर 1956 चे नागपूरचे भाषण आमच्यापर्यंत आले, ते 'प्रबुद्ध भारत'ने ते छापले म्हणून. स्वतःचे पत्र नसते, तर धम्मक्रांतीचा खुलासासुद्धा दुसऱ्यांच्या शब्दांत वाचावा लागला असता. जे आपण जपत नाही, ते दुसरा कोणी जपत नाही.

रेडिओची दारे पुढेही बंदच राहिली. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे सांगितले. निकाल चांगला होता, पण त्यानंतर लहरींचे लिलाव झाले आणि पैसेवाल्यांची एफएम केंद्रे आली. आजही खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचीच बातमीपत्रे पुन्हा ऐकवता येतात. सामुदायिक रेडिओचे धोरण 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांसाठी खुले झाले. 2008 मध्ये तेलंगणातल्या झहीराबाद परिसरात दलित स्त्रियांनी चालवलेला 'संघम रेडिओ' सुरू झाला. शेतात राबणाऱ्या बाया बियाण्यांवर, पिकांवर, आपल्या बोलीत बोलू लागल्या. मात्र तिथेही राजकीय बातम्यांना बंदी. म्हणजे बाईने ज्वारीवर बोलावे, पण जमीन कोणाच्या नावावर आहे हे राजकारण बातमी म्हणून सांगू नये!

कॅसेट, वेबसाइट आणि मौन

ही कोंडी पहिल्यांदा फोडली कॅसेटने. 1980 च्या दशकात स्वस्त टेपरेकॉर्डर वस्तीत आले आणि भीमगीतांना कोणाच्या परवानगीची गरज उरली नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचे आवाज रिक्षातून, चहाच्या टपरीवरून, जयंतीच्या मंडपातून घुमू लागले. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीवर पुस्तकांशेजारी कॅसेटचे ढीग लागले.

याच काळातले शाहीर विलास घोगरे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेवरून लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, ही पोलिसांची कथा माध्यमांतून फिरली. त्यानंतर चार दिवसांनी विलास घोगरेंनी जीवन संपवले. या सगळ्याची नोंद करणारा आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट पूर्ण व्हायला चौदा वर्षे लागली. गोळीबाराची सरकारी कथा एका दिवसात पसरते, वस्तीची कथा सांगायला दीड दशक जाते. हा वेळेतला फरक म्हणजेच माध्यमसत्ता.

माध्यमांत आम्ही नव्हतोच. 1996 मध्ये बी. एन. उनियाल या पत्रकाराने दिल्लीत दलित पत्रकार शोधायला घेतला आणि त्याला एकही सापडला नाही. 2019 मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी पाहणी केली, तेव्हा माध्यमांतल्या 121 नेतृत्वाच्या जागांपैकी 106 जागांवर सवर्ण होते. अनुसूचित जाती-जमातींचे तिथे कोणीच नव्हते. तेवीस वर्षांत एवढीच प्रगती!

29 सप्टेंबर 2006 रोजी खैरलांजी घडले. एका कुटुंबातली चार माणसे मारली गेली आणि मुख्य प्रवाहातली माध्यमे कित्येक आठवडे जवळजवळ गप्प होती. सत्यशोधन अहवाल, ईमेल, छायाचित्रे, एसएमएस यांवरून आमच्या कार्यकर्त्यांनी ती बातमी जगापुढे आणली. इंटरनेट आमच्यासाठी काय आहे, हे त्या महिन्यात कळले. त्यानंतर 'राऊंड टेबल इंडिया', 'दलित कॅमेरा', आणि 2021 मध्ये मीना कोतवाल यांनी सुरू केलेले 'द मूकनायक' अशी रांग लागली. शंभर वर्षांनी ते नाव पुन्हा घ्यावे लागते, यातच सगळे आले.

मग पॉडकास्टमध्ये नवे काय?

तीन गोष्टी. एक, परवाना लागत नाही. रेडिओवर जे बोलायला बंदी होती, ते राजकारण इथे बोलता येते. दोन, हात कामात असतानाही ऐकता येते. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, रिक्षाचालक, घरकाम करणारी ताई, स्पर्धा परीक्षेसाठी बसने ये-जा करणारा पोरगा, यांना तीन हजार शब्दांचा लेख वाचायला सवड नसते, पण ऐकायला असते. तीन, बोली. छापील लेखात आमची भाषा 'सुधारून' घेतली जाते. माइकवर वऱ्हाडी, अहिराणी, मराठवाडी जशी आहे तशी येते. 'ण' आणि 'न'वरून ज्यांना वर्गात हसले गेले, त्यांनी तोच उच्चार घेऊन संविधान समजावून सांगावे, याला आम्ही लहान गोष्ट मानत नाही.

पण धोकेही तीन आहेत. पहिला, मालकी. यूट्यूब, स्पॉटिफाय ही आमची घरे नाहीत, भाड्याच्या खोल्या आहेत. तक्रारींचा मारा झाला की चॅनेल जाते, आणि सोबत पाच वर्षांचे काम जाते. 'भारतभूषण' छापखान्याचा धडा इथे लावायचा आहे. पॉडकास्ट मुळात आरएसएस फीड नावाच्या खुल्या तंत्रावर चालतो. नाव ऐकून दचकू नका, त्या आरएसएसचा याच्याशी संबंध नाही! स्वतःच्या वेबसाइटवर ध्वनिफीत ठेवून तिथून ही फीड देता येते आणि मग कुठलेही पॉडकास्ट अ‍ॅप ती उचलते. मूळ फाइल आपल्याकडेच राहते.

दुसरा धोका एकटेपणाचा. जलसा शंभर जण एकत्र ऐकत, 'जनता' वीस जण एकत्र ऐकत. इअरफोन घालून माणूस एकटा ऐकतो, लाइक करतो आणि झोपतो. ऐकण्यातून संघटन उभे राहिले नाही, तर तो नुसता विरंगुळा. तिसरा धोका प्रसिद्धीचा. व्ह्यूज वाढावेत म्हणून आपणही नेत्यांची भांडणे आणि खळबळजनक मथळे विकू लागलो, तर माइक आपल्या हातात असून आवाज त्यांचाच राहील.

काय करावे

1989 मध्ये ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक आले. आंबेडकरी चळवळीत लढलेल्या स्त्रियांना शोधून, त्यांना बोलते करून त्यांनी तो इतिहास उभा केला. त्या बाया बोलल्या नसत्या, तर चळवळीचा इतिहास पुरुषांचाच राहिला असता. आमच्या मते आंबेडकरी पॉडकास्टचा आदर्श हा आहे. कॅमेऱ्यापुढे मोठे नाव आणण्यापेक्षा आपल्या वस्तीतल्या म्हातारीकडे जा. 1956 मध्ये लहानपणी नागपूरला गेलेली, नामांतरात मार खाल्लेली, पँथरच्या मोर्चात चाललेली माणसे अजून आहेत. दर वर्षी कमी होत आहेत. त्यांचा आवाज रेकॉर्ड करा, तारीख आणि गाव लिहा, तीन ठिकाणी जपून ठेवा.

अत्याचाराच्या प्रकरणावर बोलताना एफआयआर आणि आरोपपत्र वाचून बोला. पीडितेची ओळख उघड करू नका, तो गुन्हा आहे आणि माणुसकीलाही धरून नाही. निवेदक म्हणून मुलींना बसवा, फक्त आठ मार्चला नव्हे. आणि महिन्यातून एकदा विहारात स्पीकर लावून एक एपिसोड सगळ्यांनी मिळून ऐका, मग तासभर भांडा. जलशाचा सवाल-जवाब असा परत येईल.

दुसऱ्यांच्या पॉडकास्टवर पाहुणे म्हणून जायला आमचा विरोध नाही. जरूर जा, पण तिथे आपल्या दुःखाचे प्रदर्शन न करता अर्थसंकल्पावर बोला, परराष्ट्र धोरणावर बोला, पाण्याच्या वाटपावर बोला. बाबासाहेब रुपयाच्या प्रश्नावरही अधिकाराने बोलत होते. आणि घरी परतल्यावर स्वतःचा माइक सुरू करा. पाहुण्याला वेळ मिळते, विषय मात्र यजमान ठरवतो. शंभर वर्षांपूर्वी अडीच हजार रुपये आणि दुसऱ्याच्या नावाचे संपादकपद एवढ्यावर बाबासाहेब यजमान झाले. आपल्या खिशात तर आज आख्खा स्टुडिओ आहे.

जय भीम!